वाजती घरं, मुकी घरं

छुन्न.

दुपारच्या सामसूम घरात तेवढा एकच आवाज झाला आणि ऋजुता घोरपडेनं मान न वळवता ओळखलं, की मिहूनं फ्रिज उघडून पुन्हा लावलाय. श्रीखंड! उद्याच्या वाढदिवसासाठी आणलेला डबा ही पोरगी आजच बोटं घालून निम्मा करणार.

"मिहू, मला ऐकू आलं हं!"

"मी पाणी घेतलं!" आतून उत्तर आलं. तोंड भरलेलं असल्याचं स्पष्ट कळत होतं.

ऋजुता स्वतःशीच हसली. कामाचे आवाज ऐकायचं कानातलं यंत्र नीट बसवून ती पुन्हा कामाकडे वळली. महिनाभर ती एका मोठ्या प्रयोगाच्या आकड्यांत बुडालेली होती. घरांची नावं नसलेले नुसते आकडे तिच्या हाती होते, पण प्रयोगात नेमकं काय वाजवलं होतं ते तिनं ऐकलं नव्हतं. अहवालात त्याचं वर्णन द्यायचं म्हणून तिनं तिचे वरिष्ठ डॉ. बेहेरे यांच्याकडून तो आवाज मागवला होता. तो आत्ताच येऊन पडला होता. तिनं तो सुरू केला.

छुन्न.

"मिहू! पुरे आता, पोट दुखेल!"

"अगं, मी इथंय!"

मिहू दारात उभी होती. दोन्ही हात पाठीमागे, वरच्या ओठावर पांढरी मिशी.

ऋजुतानं कानातलं यंत्र काढलं. घर शांत होतं. फ्रिजही शांत होता. तिनं यंत्र पुन्हा कानात घातलं, आवाज पुन्हा लावला. छुन्न. रांगणं सोडून नुकतंच चालायला लागलेलं मूल एक पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या पायातला चांदीचा वाळा जेवढा वाजतो, तेवढाच. सुरू झाला म्हणेपर्यंत संपणारा.

"आई, तू घाबरलीस?" मिहूनं विचारलं.

"नाही गं. ये, तोंड पुसू."

तिनं पदराच्या टोकानं लेकीचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

त्या काळात जाहिराती दिसेनाशा झाल्या होत्या. बंदी कुणी घातली नव्हती. माणसांचे डोळेच निबर झाले होते. चौकातले फलक, पडद्यावरचे चौकोन यांवरून नजर अशी घसरायची, जसं तेलकट ताटावरून पाणी. मग कुणाला तरी कुजबुज सुचली. कुजबुज म्हणजे घरातल्याच वस्तूंमध्ये पेरलेला एखादा बारीकसा आवाज, वास किंवा उजेड. लक्ष जाणार नाही इतका हलका, पण रोजचा. मिक्सर थांबताना एक सूर सोडायचा आणि महिन्याभरात त्या घरात एका ठरावीक कंपनीच्या चटण्या यायला लागायच्या. लिफ्टमध्ये नव्या गाडीच्या गादीचा पुसटसा वास दरवळायचा आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला आपली गाडी जुनी वाटायला लागायची. सगळं कायद्यात बसवलेलं. वस्तू घेताना ग्राहकानं अटी मान्य केलेल्या असायच्या, आणि त्या अटी जन्मात कुणी वाचलेल्या नसायच्या.

पण कुजबुजीवर पैसा ओतणाऱ्याला एक प्रश्न झोपू देत नाही: ती लागू पडली का? त्याचं उत्तर काढणं हा ऋजुताचा व्यवसाय. कोल्हापुरातल्या एका मापनशाळेत ती विश्लेषक होती.

हे मोजमाप कसं करतात, ते तिनं नवऱ्याला त्याच्या बेकरीवरून समजावलं होतं. धैर्यशीलनं एकदा ऐन आषाढात दुकानाबाहेर खारीचा मोठा बोलका फलक लावला. खारी दीडपट खपली. गडी गल्लीभर मिशीला पीळ देत फिरला.

"फलक लावला नसतास तर किती खपली असती?" ऋजुतानं विचारलं.

"ते कसं कळणार? लावला की मी."

"तेच म्हणते. बाहेर धो धो कोसळतोय, घरोघरी चहाचं आधण चढलंय. खारी खपणारच होती. तुझ्या फलकाचं त्यात काय?"

"तुझं आपलं नेहमीचंच. माझं श्रेय पावसाला देऊन मोकळी!"

"पावसाचं पावसाला, फलकाचं फलकाला. त्यासाठी हुबेहूब तुझ्यासारखीच दुसरी बेकरी पाहिजे. तीच गल्ली, तोच पाऊस, तीच खारी. फक्त फलक नाही. तिच्यापेक्षा तुझी जेवढी जास्त खपली, तेवढंच फलकाचं."

ऋजुताच्या शास्त्रात त्या फलक नसलेल्या दुसऱ्या बेकरीला 'मुकं घर' म्हणत. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची. अर्ध्यांच्या वस्तूत कुजबुज घालायची, ती वाजती घरं. अर्ध्यांना तीच वस्तू द्यायची, पण बिनआवाजाची, ती मुकी घरं. घरवाल्यांना यातलं काहीच सांगायचं नाही. वाजत्या घरांत मुक्या घरांपेक्षा जे जास्त घडलं, ते 'वाढीव'. बाकी सगळं तसंही घडणारच होतं.

आणि हा प्रयोग साधा चटणीचा नव्हता. मिहूच्या जन्माआधी पाळणे हलायचे थांबत चालले होते. बालवाड्यांच्या खोल्यांत ज्येष्ठांचे व्यायामवर्ग भरायला लागले होते. दुधाची पावडर, दप्तरं, बाबागाड्या करणाऱ्या कंपन्या हवालदिल झाल्या, एकत्र आल्या, आणि अंकुर संघ नावाची संस्था काढून त्यांनी हजारो निपुत्रिक जोडप्यांच्या घरी नवे फ्रिज पोचवले. वाजत्या घरातल्या फ्रिजमध्ये वाळा घातला होता. सुरुवातीला अगदी पुसट, तोही दार लावल्यावर जराशानं, माणसानं पाठ फिरवली की. पुढं महिन्या-महिन्यानं थोडा मोठा, म्हणजे फ्रिजचाच आवाज वाटावा.

मुक्या घरांत पुढच्या काळात शंभरातल्या तीस घरी पाळणा हलला. वाजत्या घरांत एक्केचाळीस. वाढीव अकरा! एरवी वाढीव एक निघाला तरी मापनशाळेत पेढे वाटत. हा अकराचा आकडा गेल्या आठवड्यात ऋजुतानंच काढला होता, आणि आनंदाच्या भरात मिहूचे दोन्ही हात धरून तिनं स्वयंपाकघरात गिरक्या घेतल्या होत्या. त्याच फ्रिजसमोर.

आता ती त्या फ्रिजकडे बघत उभी राहिली.

लग्नानंतर दोघांनी ठरवलं होतं, मूल नको. भांडून नव्हे, नीट बसून. "आपल्याकडं रोज पहाटे दोनशे पाव फुगतात, तेवढा संसार बास," असं धैर्यशील पाहुण्यांना सांगायचा. आणि मग अशाच एका दुपारी, घरात ती एकटी असताना, तिच्या पाठीमागे वाळा वाजला होता. तिनं वळून पाहिलं, कुणी नव्हतं. ओट्याला धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली आणि कारण नसताना तिचे डोळे भरून आले. तिनं गडहिंग्लजला सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं बाई, घर मागतंय. माणसाच्या आधी घराला कळतं."

मिहू झाली. तिच्या बारशाला सासूबाईंनी खरे वाळे घातले. ती चालायला लागली तेव्हा कुठला आवाज पोरीचा आणि कुठला फ्रिजचा ते कळेना, आणि फ्रिज मिहूची नक्कल करतो असं म्हणून सगळे हसायचे. नक्कल कुणी कुणाची केली होती, ते आज कळत होतं.

दर वाढदिवसाला औक्षण झालं की मिहू पाटावरून उठायची नाही. गोष्ट पाहिजे.

"मी यायच्या आधी माझे वाळे आले होते ना?"

"हो. आधी वाळे आले, मागून तू."

"मी त्यांना पुढं पाठवलं होतं."

"हो गं माझी राणी. तूच पाठवलं होतंस."

ऋजुतानं दार लावून घेतलं आणि डॉ. बेहेरेंना फोन केला. वाजत्या-मुक्या घरांची ही सगळी रीत त्यांनीच घालून दिलेली. निवृत्तीला आलेला, मऊ बोलणारा माणूस.

"सर, तो आवाज माझ्या घरात आहे."

"कुठला?"

"वाळ्याचा. माझ्या फ्रिजमध्ये."

पलीकडून खळखळून हसू आलं. "म्हणजे तुम्ही वाजत्या घरातल्या! अहो ऋजुता, तुम्ही तर आपल्या यशाचा चालता-बोलता पुरावा निघालात."

"पुरावा आत्ता श्रीखंड खातोय, सर."

हसू थांबलं. "माफ करा. मी असं बोलायला नको होतं."

"मला एवढंच सांगा. माझी मिहू त्या तिसांतली, की अकरांतली?"

"हे तुम्ही विचारताय? नव्या मुलांना हा धडा तुम्हीच शिकवता."

"आज मला शिकवा. मी कुणी विश्लेषक नाही असं समजून."

बेहेरेंनी खाकरून घसा साफ केला. "बरं. वाजत्या शंभर घरांतल्या एक्केचाळीस घरी मूल झालं. त्यातल्या तिसांकडे तसंही झालं असतं, आवाजाशिवाय. अकरांकडे झालं नसतं. इथवर आपण छातीठोकपणे सांगू शकतो. पण ती अकरा कोणती? कुणाच्या कपाळावर शिक्का नसतो. एकेका घराचं सांगायचं तर त्याच घराची दुसरी प्रत लागेल. तीच ऋजुता, तोच नवरा, तीच दुपार, पण वाळा न वाजलेली. ती दुपार आणून आजच्या शेजारी ठेवता आली तर मी लगेच सांगेन. ती कुणालाच आणता येत नाही. घोळक्याचं सत्य आपल्याला कळतं. एकट्या माणसाचं कधीच कळत नाही."

"पण मला माझं मन माहीत आहे ना, सर! मला ती हवी होती. आतून, खरोखर हवी होती."

"होती ना. त्यात खोटं काहीच नाही." बेहेरे म्हणाले. "आम्ही त्यातल्या बऱ्याच आयांशी बोललो होतो, ऋजुता. मूल का हवंसं वाटलं, म्हणून. कुणी म्हणाल्या वय झालं होतं, कुणी म्हणाल्या नवऱ्याकडे बघून वाटलं, कुणी म्हणाल्या देवाची इच्छा. बहुतेकजणी हेच म्हणाल्या, आतून वाटलं. फ्रिजचं नाव एकीनंही घेतलं नाही."

"अहवाल उद्या संध्याकाळपर्यंत द्या," बेहेरे म्हणाले. "संघवाले घाई करतायत. तुमचा आकडा आला की मुकी घरं संपली. पुढं बाजारात येणारा प्रत्येक फ्रिज वाजता असेल."

"आणि लोकांना सांगणार?"

"सांगितलं की परिणाम गेला. मोठ्यानं केली तर ती कुजबुज कसली?"

संध्याकाळी धैर्यशील आला तो व्हॅनिलाचा वास अंगावर घेऊनच. केकचं खोकं त्यानं माळ्यावर मिहूपासून लपवलं आणि मिहूनं ते लपवताना पाहिलं. ती खेळायला खाली पळाल्यावर ऋजुतानं त्याला सगळं सांगितलं.

"मग संघाला पेढे पाठवूया की," तो म्हणाला. "एवढी गोड पोरगी दिली."

"थट्टा करू नकोस, धैर्या."

"थट्टा नाही तर काय करू?" त्यानं खुर्ची ओढली. बराच वेळ तो बोटांना चिकटलेला वाळका मैदा खरवडत बसला. "तो फ्रिज मीच आणला. जुना चांगला चालत होता. बदलून नवा देतोय म्हणाले, म्हटलं घेऊया की."

"मला एक खरं सांग. तुला मूल हवं होतं?"

"मी कधी काही बोललो? तुझं 'नको' होतं, म्हणून माझंही 'नको' होतं."

"म्हणजे मनातून हवं होतं."

"असेल." मग त्यानं मान हलवली. "नाही गं, आता कसं सांगू? मीपण याच घरात राहत होतो की. दूध काढायला तोच फ्रिज मीपण उघडत होतो."

खालून मिहूचा आरडाओरडा येत होता. तिच्या गटावर राज्य आलं होतं आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

"आवाज बंद करून टाकू का त्याचा?" धैर्यशील उठत म्हणाला. "मागं एक कळ असते बघ."

"थांब." का थांबवलं ते तिचं तिलाही कळलं नाही. त्या आवाजाचा तिला राग आला होता, आणि तो उद्यापासून ऐकू येणार नाही ही कल्पनाही सोसवत नव्हती. हे प्रेमही फ्रिजचंच का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मिहू शाळेत गेल्यावर ती अहवाल लिहायला बसली आणि उठली. दोरीवरचे वाळलेले कपडे घड्या घालून ठेवले. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मिहूची रंगपेटी आवरली, त्यात सापडलेला तिचा पडलेला दात पाहिला, तो कागदात गुंडाळून देवघरात ठेवला. मग मात्र तिला सुचू नये ते सुचलं.

अकराचा आकडा पुसता येत होता. फारसं खोटंही बोलावं लागणार नव्हतं. काही घरं शंकास्पद म्हणून बाजूला काढायची, काही गावं वगळायची. असं केलं की फरक विरघळून जाणार होता. मग निष्कर्ष असा निघाला असता की वाळ्यानं काही होत नाही, वाढीव शून्य. म्हणजे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुलं आपापली आली. म्हणजे मिहूही आपली आपणच आली. अंकुर संघाचा धंदा बुडाला असता, घरं मुकी राहिली असती, आणि तिची लेक तिला परत मिळाली असती. सगळ्यांचंच भलं.

तिनं तसं करून पाहिलं. पडद्यावर शून्य उमटलं. शेजारी चौकटीत मिहूचा फोटो होता, दोन वेण्या, मधला दात नाही. ऋजुतानं शून्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. शंभर घरांमागं अकरा पोरं. ती कुठंतरी आत्ता शाळेत डबा खात असतील, कुणाची रंगपेटी कुणी घेतली म्हणून भांडत असतील. ती आहेत. आपण आपल्या मनाच्या शांतीसाठी ती नाहीतच म्हणालो. आणि कोण जाणे, त्यांच्यात मिहू असली तर?

तिनं वगळलेली सगळी घरं परत घेतली. अकरा लिहिलं. खाली स्वतःची एक ओळ जोडली: वाजत्या घरांना त्यांच्या घरात काय वाजतं आहे हे सांगण्यात यावं. आणि अहवाल पाठवून दिला.

थोड्याच वेळात बेहेरेंचं उत्तर आलं. "काम उत्तम. शेवटची ओळ काढून पुन्हा पाठवा. तुम्ही नाही काढलीत तर इथं दुसरं कुणी काढेल, आणि ते मला आवडणार नाही."

ती काढणार नव्हती. पण ती टिकणार नाही हेही तिला समजत होतं. हजारो घरांपर्यंत तिचा आवाज पोचणार नव्हता. एकाच घरात तो पोचत होता.

दिवेलागणीला मिहू नवा निळा फ्रॉक घालून पाटावर बसली. धैर्यशीलनं पाटाभोवती वेडीवाकडी रांगोळी काढली होती, आणि तो मोर आहे असा त्याचा दावा होता. ऋजुतानं लेकीला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग तबक हातात घेऊन निरांजन ओवाळलं. ज्योतीचा उजेड मिहूच्या गालांवरून फिरला. एवढी साधी गोष्ट, पण तिचा ऊर भरून आला. हे भरून येणं कुणाचं, असा विचार तिनं या वेळी येऊ दिला नाही.

"आता गोष्ट!" मिहू म्हणाली.

धैर्यशीलनं ऋजुताकडे पाहिलं. सांगू नकोस, असं त्याचे डोळे म्हणत होते. नाहीतर सांग, असंही म्हणत असतील.

"मिहू," ऋजुता म्हणाली, "ते वाळे तू पाठवले नव्हतेस गं. ते फ्रिजमध्ये होते. काही माणसांनी मुद्दाम घातले होते."

"आपल्या फ्रिजमध्ये?"

"हो. आणखी खूप जणांच्याही."

"कशाला?"

"ते ऐकून आयांना बाळ हवंसं वाटावं म्हणून. जास्त बाळं झाली की त्यांची दप्तरं खपतात, दूध खपतं."

मिहू विचारात पडली. रडली नाही. विचार करताना ती खालचा ओठ बाहेर काढायची, अगदी धैर्यशीलसारखा.

"म्हणजे तुला वाटलं ते मी, पण तो फ्रिज होता."

"हो."

"फसलीस!" ती खुदकन हसली आणि धैर्यशीलही हसला, जरा जास्तच मोठ्यानं. "आता केक कापूया, चल," तो म्हणाला.

पण मिहू पाटावरून उठली ती केककडे गेली नाही. मोराची शेपटी पुसत ती स्वयंपाकघरात गेली. तिनं फ्रिजचं दार उघडलं आणि हळूच लावलं.

छुन्न.

ती तिथंच उभी राहिली, फ्रिजच्या दाराला कान लावून. मग परत आली आणि आईच्या पुढ्यात थांबली. ऋजुताच्या हातात तबक तसंच होतं, ज्योत फडफडत होती. मिहूनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, हट्टानं नाही, रागानंही नाही, गणित अडलं की बघायची तसं.

"आई, तो वाजलाच नसता, तर मी आले असते?"